वस्तीचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

घर पाहावे बांधून, ही म्हण आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. परंतु वस्ती पाहावी वसवून, असे मात्र कोणी म्हणत नाही. वास्तविक हे दुसरे काम पहिल्याहून शतपट अवघड. एका घराच्या बांधणीत चूक झाली तर तिचे फळ एका कुटुंबाच्या वाट्यास येते. वस्तीच्या आखणीत चूक झाली तर ती तीन तीन पिढ्यांस भोगावी लागते. रस्ता एकदा पडला की तो हलत नाही, आणि मुलांच्या खेळाची जागा एकदा विकली गेली की ती परत मिळत नाही.

सोन्याचा पाळणा म्हणून ज्याची ख्याती, ते आमचे जालना १९८१ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले, आणि तेव्हापासून शहराभोवतालच्या शेतांचे भूखंड पाडण्यास वेग आला. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे जुन्या गल्ल्या सोडून नव्या वसाहतींत राहावयास गेली. कित्येक जाण्याच्या बेतात आहेत. म्हणून स्मरणिकेत थोरांची चरित्रे देण्याच्या प्रघातास अनुसरून आम्ही या महोत्सवी वर्षी अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, की जो आमच्या देशाचा नव्हता व आमच्या पंथाचाही नव्हता. परंतु गरिबाच्या घराचा प्रश्न ज्याने जन्मभर आपला मानला, आणि आयुष्यातील सुमारे दहा वर्षे ज्याने मुख्यत्वे आपल्या देशाच्या कामी वेचिली. त्यांचे नाव सर पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडातील बॅलटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. वडील सैन्यात होते, आणि वृत्तीने मोठे धर्मशील. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळील एका टेकडीवरच्या लहानशा घरात राहावयास आले. त्या घराचे नाव ताबोर पर्वतावरून ठेविलेले होते. घराभोवती बाग होती, आणि बागेत बटाटे, फुलझाडे व फळझाडे लावण्याचे काम बाप व मुलगा मिळून करीत. खाली शहर, मधे नदी, पलीकडे डोंगर, हे सारे चित्र त्या घराच्या दारातून एका दृष्टिक्षेपात दिसे. शहर हे एकटे नसते, ते आपल्या नदीचे, शेतांचे व डोंगरांचे अपत्य असते, हा जो सिद्धांत त्यांनी पुढे जगास सांगितला, त्याचे बीज या दारात पडले असे म्हणावयास हरकत नाही.

तरुणपणी ते लंडनला जाऊन हक्सले या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाचे शिष्य झाले. जीवशास्त्रात त्यांस मोठे नाव मिळणार असे दिसत असतानाच दैवाने त्यांस थांबविले. १८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिको देशात गेले, आणि तेथे त्यांची दृष्टी एकाएकी क्षीण झाली. कित्येक आठवडे त्यांस अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून बसावे लागले. बसल्या बसल्या ते खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरवीत, आणि प्रत्येक तावदान म्हणजे विचाराचा एक कप्पा अशी कल्पना करून आपल्या विषयांची मनात मांडणी करीत. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे होईना. ज्याचे डोळे लहानात लहान पेशी पाहण्यास असमर्थ ठरले, त्याने मग आपले लक्ष मनुष्याच्या वस्तीकडे वळविले.

१८८६ साली ॲना मॉर्टन या सुशील व करारी स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढल्याच वर्षी या दांपत्याने असे काही केले की एडिंबरो शहरातील प्रतिष्ठित मंडळी चकित झाली. एडिंबरोचे जुने शहर एका उंच कण्यावर वसलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी तेथील श्रीमंतांनी दरीपलीकडे नवे, सरळ रस्त्यांचे शहर उभारले व ते तिकडे निघून गेले. जुन्या उंच इमारतींत एका एका खोलीत एक एक कुटुंब कोंबले गेले, आणि त्या गल्ल्या रोगराईचे माहेरघर बनल्या. पुष्कळांस वाटे की हे सारे पाडून टाकावे. गेडिस पतिपत्नी उलट तेथेच, जेम्स कोर्ट नावाच्या चौकात, बिऱ्हाड करून राहिली. त्यांनी शेजाऱ्यांस उपदेश केला नाही. स्वतः हातात चुन्याची बालदी घेऊन भिंती रंगविल्या, खिडक्यांत फुलांच्या पेट्या लाविल्या, आणि शेजारी मदतीस येऊ लागले तसतसा चौक साफ होत गेला.

या अनुभवावर त्यांनी पुढील कार्य उभारले. मोडकळीस आलेल्या इमारती एकेक करून दुरुस्त केल्या, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्से गार्डन नावाची घरांची वास्तू उभी केली. सुशिक्षित कुटुंबांनी जुन्या शहरात परत यावे हा तिचा हेतू होता. लाल छपरे, पुढे आलेल्या खिडक्या आणि बागेकडे तोंड असलेले सज्जे अशी ती वास्तू आजही एडिंबरोस जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. १८९२ साली त्यांनी जवळच एक मनोरा घेऊन तेथे नगरशिक्षणाचे संग्रहालय मांडिले. सर्वांत वरच्या मजल्यावर आपले शहर, त्याखाली आपला देश, त्याखाली युरोप आणि तळाशी सारे जग, असा तो क्रम होता. त्यांची कन्या नोरा हिने पुढे जुन्या शहरातील पडीक तुकड्यांवर गरिबांच्या मुलांसाठी लहान लहान बागा केल्या. हे सारे चालू असता गेडिस हे १८८८ पासून डंडी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. तेथे त्यांस फक्त उन्हाळी सत्रात शिकवावे लागे. उरलेले वर्ष शहरांच्या सेवेस मोकळे असे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून गेडिस १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांचे वय साठ होते. आयुष्यभर जमविलेल्या नकाशांचे व चित्रांचे त्यांचे नगर-प्रदर्शन मागाहून जहाजाने यावयाचे होते. ते जहाज एमडन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. गेडिस यांच्या स्नेह्यांनी स्वदेशात नवे नकाशे गोळा करून पाठविले, आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरलेही. पुढील काही वर्षांत त्यांनी या देशातील सुमारे पन्नास शहरांविषयी अहवाल लिहिले.

त्या काळी शहरसुधारणेची प्रचलित रीत अशी होती की कचेरीत नकाशा पसरावा, दाट वस्तीवर पट्टीने सरळ रेघा माराव्या, आणि रेघेखाली येईल ते घर पाडावे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने अशाच कोंदट गल्ल्या मोकळ्या केल्या. परंतु ज्यांची घरे गेली त्यांतील बहुतेकांस नव्या घराचे भाडे परवडेना, आणि ती माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन तेथील गर्दी वाढवू लागली. रोग हटला नाही, त्याने केवळ बिऱ्हाड बदलले.

गेडिस यांची रीत निराळी होती. ते पहाटेपासून पायी फिरत. कोणत्या विहिरीवर बायका पाण्यास येतात, कोणत्या पिंपळाखाली म्हातारे बसतात, कोणते घर खरोखर मोडले आहे आणि कोणते नुसते मळले आहे, हे नकाशावर एकेक करून टिपीत. मग जे निव्वळ ढासळलेले असेल तेवढेच काढून टाकण्यास सांगत. तेथे एखादे झाड, एखादा पार, मुलांस धावण्यापुरते अंगण होई. गल्ली वाकडी असली तरी त्यांस तिचा राग नसे. जसा सुज्ञ वैद्य रोग्याचा अवयव तोडण्यापूर्वी दहादा विचार करतो, तसे हे त्यांचे शस्त्रकर्म होते. व्यंकोजीराजे भोसले यांच्या वंशाची राजधानी जे तंजावर, तेथील किल्ल्यातील दाट वस्तीसाठी त्यांनी या रीतीने आराखडा केला, तेव्हा त्याचा अंदाजी खर्च सरळ रस्त्यांच्या योजनेच्या सुमारे सहाव्या हिश्शावर आला. दक्षिणेतील देवळांच्या गावांत रथ वळावा म्हणून ठेविलेले रुंद रस्ते पाहून ते थक्क होत. नगररचना ही काही युरोपाने शिकवावयाची विद्या नव्हे, हे त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांस निर्भीडपणे सांगितले.

तळी व विहिरी यांविषयीही त्यांचे मत असेच होते. हिवतापाच्या भीतीने आरोग्याधिकारी तळी बुजविण्याचा हुकूम देत. गेडिस म्हणत की तळे बुजवू नका, साफ करा, त्यात मासे सोडा. मासे डासांची पिल्ले खातील, आणि पाणी दुष्काळात उपयोगी पडेल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने पाण्याची जी ओढ सोसली ती ज्यांस आठवते, त्यांस या मताचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९१७ साल त्यांस फार क्रूर गेले. एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. त्याच वेळी ॲनाबाई हिंदुस्थानात विषमज्वराने अंथरुणास खिळल्या होत्या. पुत्रनिधनाची वार्ता त्यांस सोसणार नाही हे जाणून गेडिस यांनी ती आपल्या पोटात ठेविली, आणि आजारी पत्नीस मुलाची जुनी पत्रे ते वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये ॲनाबाईही गेल्या. जेम्स कोर्टात चुन्याची बालदी जिने बरोबरीने उचलली, ती सहचारिणी अशी परदेशात अंतरली.

अशा अवस्थेत ते होळकरांच्या इंदुरास आले. इंदूर हे मराठी घराण्याचे व मराठी बोलणाऱ्या हजारो कुटुंबांचे शहर. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे हे तेव्हा गादीवर होते. शहरात प्लेगचे भय होते. हातात नकाशा घेऊन गल्लीगल्लीत डोकावणारा पांढऱ्या दाढीचा हा साहेब पाहून लोकांची समजूत झाली की हाच प्लेग आणतो, आणि आई मुलास घरात ओढून घेऊ लागली. गेडिस यांनी रोष मानला नाही. त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली, की एका दिवसापुरते राजाचे अधिकार आपणांस मिळावे. ते मिळाले. मग दवंडी पिटण्यात आली की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरीव मार्गाने जाणार नाही. ज्या गल्लीतील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या गल्लीतून जाईल.

झाले! साऱ्या शहरात चढाओढ लागली. घराघरांतून निघालेला केरकचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. त्या गाड्यांची संख्या सहा हजारांच्या वर होती. दिवाळीस हत्ती, घोडे, वाजंत्री, पिकांचे देखावे व लक्ष्मी यांची मिरवणूक निघाली. मागोमाग घाणीचा राक्षस, पडक्या घरांच्या प्रतिकृती आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. त्यांच्या पाठीमागे शहरातील झाडूवाले, शुभ्र वस्त्रे नेसून, गळ्यात हार घालून, हातात नवे झाडू घेऊन सन्मानाने चालले होते. मग नगरदेवता, मग नव्या घरांचे नमुने, मग गवंडी, सुतार, कुंभार, आणि घरोघर वाटण्यासाठी तुळशीची रोपे. शेवटी राक्षसाचे व उंदराचे दहन झाले. लोकांचे मन पालटले, आणि प्लेग आणणारा साहेब तो प्लेग घालविणारा साहेब झाला. ज्यांस समाज शिवूनही घेत नव्हता त्या झाडूवाल्यांस राजमिरवणुकीत मानाचे स्थान देणारा हा प्रसंग आम्हांस त्यांच्या साऱ्या ग्रंथांहून मोठा वाटतो.

१९१८ साली त्यांनी इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यात नदीकाठची स्वच्छता आहे, बागा आहेत, आणि गिरणीकामगारांसाठी शहराबाहेर नव्या उपनगरांची आखणी आहे. कामगारास एका खोलीत कोंबू नये, त्यास जागा द्यावी. घर आरंभी साध्या मातीचे असले तरी चालेल, पुढे ते कुटुंब आपल्या कुवतीप्रमाणे वाढवील. परंतु ओसरी, अंगण व झाड यांची जागा पहिल्याच दिवशी राखली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. भिंती मागाहून येतात, जागा मागाहून येत नाही, हे या अहवालाचे सार होय.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यासन त्यांस दिले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे तेथील त्यांच्या व्याख्यानांस बसत; विद्यापीठाने त्यांस विलायतेस पाठविले, आणि १९२४ पासून त्या विभागाची धुरा त्यांनीच वाहिली. गेडिस ज्या वर्षांत मुंबईत शिकवीत होते, त्याच वर्षांत शहरात दोन प्रकारची वस्ती उभी राहत होती. एक सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याच्या, म्हणजे बीडीडीच्या चाळी. वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे सिमेंट काँक्रीटच्या दोनशेसात चाळींत सोळा हजारांहून अधिक एकखोली बिऱ्हाडे बांधली गेली. पण पहिल्या काही वर्षांत त्यांतील हजारो रिकामी राहिली, कारण भाडे अधिक आणि सोयी अपुऱ्या. दुसरी सुधारणा ट्रस्टची दादर-माटुंग्याची वसाहत. तेथे मंचरजी जोशी या ट्रस्टमधील अभियंत्याने मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांसाठी एकशेतीन भूखंड मिळविले, घरांच्या आधी झाडे लाविली, आणि इमारतींची उंची मर्यादित ठेविली. सज्ज्यांच्या बुटक्या इमारती, चारी बाजूंस हवा, आणि मध्ये पाच उद्याने, अशी ती वस्ती आजही डोळ्यांस गारवा देते. ही दोन्ही कामे गेडिस यांची नव्हेत. परंतु त्यांच्या शिकवणुकीचा पडताळा या दोहोंत उलटसुलट पाहावयास मिळतो.

आमच्या मराठवाड्याशीही त्यांचा दूरचा संबंध आहे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याचे उस्मानिया विद्यापीठ कोठे उभारावे याच्या पाहणीत गेडिस यांचा सहभाग होता. १९२५ साली त्यांनी भूमध्यसमुद्रकाठच्या तेल अवीव या गावाच्या वाढीची योजना केली. जाफा या प्राचीन बंदराबाहेर वाळूवर १९०९ साली वसलेले ते एक उपनगर. गेडिस यांनी रहदारीचे रस्ते थोडे व रुंद ठेविले, घरांकडे जाणाऱ्या वाटा अरुंद केल्या, आणि घरांच्या प्रत्येक समूहाच्या मध्यभागी एक लहान सार्वजनिक बाग ठेविली. पुढील दशकात युरोपातून आलेल्या वास्तुशिल्पींनी त्या चौकटीत सपाट गच्चीची, सावली देणाऱ्या सज्ज्यांची शुभ्र घरे बांधली. २००३ साली युनेस्कोने ती वस्ती जागतिक वारसा म्हणून मान्य केली. तथापि गेडिस यांनी सांगितलेली दोन मजल्यांची मर्यादा पाळली गेली नाही. घरे तीन-चार मजली झाली. जाफा व तेल अवीव ही दोन मिळून एक नगर आहे असे धरून त्यांनी योजना केली होती. त्या नगरातील दोन समाजांचा पुढे कसा बेबनाव झाला, हे जगास ठाऊक आहे. आखणीने वाट देता येते, मन देता येत नाही.

उतारवयात ते फ्रान्समधील माँपेलिए येथे राहिले. १९३२ च्या आरंभी त्यांस सर हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी ते तेथे निवर्तले.

त्यांच्या अंगी दोषही होते. त्यांचे बोलणे दाढीत अडके, अक्षर लागत नसे, एक काम पुरे होण्यापूर्वी ते दुसरे हाती घेत. त्यांचे कित्येक अहवाल दप्तरांत धूळ खात पडले. परंतु ज्या चुकांविरुद्ध त्यांनी जन्मभर आवाज उठविला, त्या आपण आजही करीत आहोत. नव्या वसाहतीच्या नकाशावर मुलांच्या मैदानाचा हिरवा तुकडा असतो. प्रत्यक्षात तेथे काय उभे राहिले, हे पाहण्यास कोणी जात नाही. जुन्या गल्लीतील दुरुस्त होण्याजोगे घर आपण पडके म्हणून सोडतो, आणि उन्हात तापणाऱ्या, झाड नसलेल्या माळावर कर्ज काढून दोन खोल्या घेतो. शेजार तुटतो, म्हातारी माणसे एकटी पडतात, आणि मग आपण म्हणतो की काळच तसा आला आहे.

वाचकहो, भूखंडाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा, गेडिस यांच्याप्रमाणे, ती जागा पायी फिरून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. पावसाचे पाणी कोणीकडून वाहते, विहीर कोठे होती, सावली कोठे पडते, संध्याकाळी आजीबाईने कोठे बसावे आणि नातवाने कोठे खेळावे, हे विचारावे. एकट्याने विचारून उत्तर मिळत नाही. दहा कुटुंबांनी मिळून विचारले तर द्यावे लागते. आणि ज्यांस जुनी गल्ली सोडावयाची नाही, त्यांनी येत्या सणापूर्वी चुन्याची एक बालदी आणावी. जेम्स कोर्टातील कामाचा आरंभ तेवढ्यानेच झाला होता.